संगणकीय जीवशास्त्रातील पीएच.डी.

संगणकीय जीवशास्त्रातील पीएच.डी. : जनुकसंच, प्रथिनांची रचना आणि सजीवांची उत्क्रांती यांविषयीचे प्रश्न गणित, संख्याशास्त्र व संगणन यांच्या आधारे सोडवणाऱ्या मौलिक संशोधनासाठी दिली जाणारी पदवी. गोव्यातील विद्यार्थ्याला त्यासाठी मार्गदर्शक ताळगाव पठारावरील गोवा विद्यापीठात (स्थापना १९८५), झुआरीनगरच्या बिट्स पिलानी परिसरात किंवा दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत शोधता येतो. प्रबंधाची नोंदणी मात्र बहुधा जैवतंत्रज्ञान, संगणकशास्त्र अशा एखाद्या प्रस्थापित विभागाकडेच होते.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनुसार प्रवेशासाठी किमान ५५ टक्के गुणांसह पदव्युत्तर पदवी किंवा ७५ टक्के गुणांसह चार वर्षांची पदवी आवश्यक असून राखीव प्रवर्गांना ५ टक्क्यांची सवलत आहे. प्रवेशानंतर किमान १२ श्रेयांकांचा (क्रेडिट) अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो, आणि त्यात संशोधन व प्रकाशन नीतिमत्तेचा समावेश असतो. कालावधी किमान तीन व सामान्यतः कमाल सहा वर्षांचा असतो.

खरी कसोटी या अटींच्या पलीकडे आहे. जीवशास्त्रातून आलेल्याला पायथन किंवा आर ही संगणकभाषा आणि संख्याशास्त्र पक्के करावे लागते. संगणकशास्त्रातून आलेल्याला पेशी, जनुक आणि प्रयोगशाळेतील मोजमापाच्या चुका समजून घ्याव्या लागतात, आणि हे दुसरे काम अधिक कठीण, कारण सजीवांचे अपवाद पुस्तकातून पाठ करता येत नाहीत. गोव्यात खाडीकाठी बांध घालून मिळवलेल्या जमिनीवरील खाजन शेतीतील कोरगूट हे पारंपरिक भात खारे पाणी कसे सोसते, हा प्रश्न घेऊ. खाऱ्या आणि गोड्या पाण्यात वाढवलेल्या रोपांतील सुमारे ४०,००० जनुकांची क्रियाशीलता एकेक करून तपासली व प्रत्येक चाचणीस ५ टक्क्यांची मर्यादा लावली, म्हणजे फरक नसताना तो दिसण्याची तेवढी शक्यता चालवून घेतली, तर एकाही जनुकात खरा फरक नसला तरी जवळपास २,००० जनुके निव्वळ योगायोगाने ‘महत्त्वाची’ ठरतील. एकाच वेळी अनेक चाचण्या केल्याने येणारी ही चूक दुरुस्त न करता काढलेला निष्कर्ष परीक्षकासमोर टिकत नाही. शिवाय संगणकाने सुचवलेले जनुक खरोखरच मीठ सोसण्याशी निगडित आहे का, हे प्रयोगाने पडताळण्यासाठी वनस्पतिशास्त्रज्ञाची साथ लागते. ती पहिल्याच वर्षी मिळवणे हिताचे.

संशोधन सल्लागार समिती प्रत्येक सत्रात प्रगतीचा आढावा घेते. शोधनिबंध प्रसिद्ध करण्याची देशव्यापी सक्ती २०२२ च्या विनियमांत उरलेली नाही, तरीही संस्था आपली अट घालू शकतात. प्रबंधाचे मूल्यमापन किमान दोन बाह्य परीक्षक करतात, त्यानंतर मौखिक परीक्षा होते आणि प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारासाठी ते चालवणाऱ्या इन्फ्लिबनेट या केंद्राकडे पाठवली जाते. विश्लेषणाच्या आज्ञावली, वापरलेल्या सॉफ्टवेअरच्या आवृत्ती आणि मूळ विदा (डेटा) मात्र विद्यार्थ्याने स्वतःहून खुल्या कराव्यात, कारण त्यांच्याशिवाय दुसऱ्या संशोधकाला तेच आकडे पुन्हा काढून पाहता येत नाहीत.