उतारा हाती, वाट बंद : घसरलेल्या साखरेच्या तातडीच्या उपचारांची पार्श्वभूमी

इन्सुलिनचं एक युनिट म्हणजे किती, हे सुरुवातीला सशांनी ठरवलं. २४ तास उपाशी ठेवलेल्या २ किलोच्या सशाची रक्तशर्करा ४५ मिलिग्रॅमपर्यंत उतरवून त्याला झटके आणेल एवढा स्वादुपिंडाचा अर्क म्हणजे एक युनिट. माणसांसाठी हे माप फारच मोठं पडलं, म्हणून पुढे त्याचा एकतृतीयांश धरला गेला. टोरांटोत १९२१-२२च्या हिवाळ्यात जेम्स कॉलिप हा अर्क शुद्ध करत होता. झटके येऊन आडवा पडलेला ससा ग्लुकोज टोचल्यावर थोड्याच वेळात उठून बसतो, हेही तिथेच दिसलं. औषध, त्याचा धोका आणि त्या धोक्यावरचा उतारा असे एकाच टेबलावर सापडले. पुढची शंभर वर्षं गेली ती एका अडचणीत: माणूस गिळू शकत नसेल तर हा उतारा आत घालायचा कुठून?

आधी थोडा हिशेब. साधारण ५ लिटर रक्तात १०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर दराने एकूण साखर भरते ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा. एकटा मेंदू तासाला तेवढीच साखर जाळतो आणि स्वतःजवळ साठा जवळजवळ ठेवत नाही. यकृतातला ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, हाच काय तो गल्ला, आणि इन्सुलिन जास्त झालं की त्यालाही कुलूप लागतं. म्हणून ७०च्या खाली गेल्यावर सावध व्हायचं, ५४च्या खाली ताबडतोब उपचार करायचे, आणि दुसऱ्याच्या मदतीवाचून भागत नसेल तर आकडा काहीही असो, तो ‘गंभीर हायपो’ समजायचा (हायपो म्हणजे हायपोग्लायसेमिया, रक्तातली साखर घसरणं).

१९२२मध्येच टोरांटोच्या फ्लेचर आणि कॅम्पबेल या डॉक्टरांनी माणसांमधली लक्षणं लिहून ठेवली: एकाएकी भूक, घाम, थरथर, जीव घाबरा होणं, मग बोलण्यात गोंधळ आणि शेवटी बेशुद्धी. उपायही त्यांनी दिला, संत्र्याचा रस किंवा ग्लुकोज. तोंडाची ही वाट आजही पहिलीच आहे: १५ ग्रॅम, १५ मिनिटं थांबायचं, पुन्हा तपासायचं, आकडा वर आला नसेल तर आणखी १५ ग्रॅम. घरच्या मापात तीन-चार छोटे चमचे ग्लुकोज पावडर पाण्यात.

इथे दोन चुका नेहमी होतात. घरात पेढा किंवा बर्फी हाताशी असते म्हणून तीच भरवतात. पण खव्यातल्या स्निग्धामुळे पोट सावकाश रिकामं होतं आणि साखर उशिरा चढते. दुसरी चूक कमी जणांना माहीत असते. आपल्याकडे मधुमेहाच्या गोळ्यांमध्ये व्होग्लिबोज सर्रास असतं. ते आतड्यात साध्या साखरेचं विघटन रोखतं, त्यामुळे अशा रुग्णाला साखरेचं सरबत पाजलं तर साखर रक्तात पोहोचायला वेळ लागतो. त्याला ग्लुकोजच हवं. गोळीच्या पाकिटावरची घटकांची नावं आजच वाचून ठेवा; त्या वेळी चश्मा सापडत नाही.

गिळण्याची शुद्ध गेली की ही वाट बंद. तोंडात ओतलेलं पाणी श्वासनलिकेत उतरतं. हिरड्यांना मध-साखर चोळून मोठ्या माणसाच्या रक्तात फारसं काही पोहोचत नाही. दातखीळ बसली म्हणून दातांमध्ये चमचा सारणं आणि नाकाला कांदा लावणं, ही दोन्ही कामं पेठेतल्या वाड्यात झाली काय आणि बाणेरच्या टॉवरमध्ये झाली काय, सारखीच निरुपयोगी. पहिलं तर घातकही.

मग राहते शीर. शिरेतून ग्लुकोज देण्याचा सर्वांत दांडगा अनुभव जमा झाला तो मधुमेहाच्या नव्हे, मनोरुग्णांच्या वॉर्डात. मानफ्रेड झाकेल याने १९३३मध्ये व्हिएन्नात स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना मुद्दाम इन्सुलिन देऊन बेशुद्ध करण्याचा उपचार मांडला आणि तो जगभर पसरला. रोज सकाळी इन्सुलिन, मग कोमा, आणि ठरलेल्या वेळी नाकातल्या नळीने साखरपाणी किंवा शिरेतून ग्लुकोज. उपचार म्हणून ते पुढे मोडीत निघालं आणि निघायलाच हवं होतं. पण फार वेळ खाली राहिलेला मेंदू साखर भरल्यावरही लगेच जागा होत नाही, कधी कधी होतच नाही, हे या वॉर्डांनी कटू रीतीने शिकवलं.

कित्येक दशकं ठरलेला डोस होता ५० टक्के डेक्स्ट्रोजच्या, म्हणजे ग्लुकोजच्याच द्रावणाच्या, ५० मिलीचा, म्हणजे २५ ग्रॅम. हा पाक रक्ताच्या आठ-नऊ पट दाट. बारीक शिरेत दिला तर शीर सुजते, सुई हलून बाहेर झिरपला तर तिथलं मांस मरू शकतं. त्यातून साखर एकदम तीनशेवर उडते ती वेगळीच. म्हणून कल आता १० टक्क्यांकडे आहे: १५० ते २०० मिली, साधारण १५ मिनिटांत, म्हणजे १५ ते २० ग्रॅम. आपल्याकडे २५ टक्क्यांची १०० मिलीची बाटली सहज मिळते. तीही २५ ग्रॅमच. ती कोपराच्या मोठ्या शिरेतून द्यावी, सुई आत आहे याची खात्री करून सावकाश, आणि नंतर सलाइनने शीर धुऊन घ्यावी. रुग्ण दारू पिणारा किंवा कुपोषित असेल तर सोबत थायमिन (बी-१ जीवनसत्त्व).

या वाटेची अडचण उघड आहे. शीर शोधायला हात सरावाचा लागतो, आणि घामाने ओल्या, थंड पडलेल्या, झटके देणाऱ्या हाताची शीर सरावलेल्यालाही हुलकावणी देते.

स्नायूची वाट जवळजवळ इन्सुलिनबरोबरच सापडली होती, फक्त ती कचऱ्यात जमा होती. सुरुवातीचे काही अर्क टोचल्यावर साखर उतरण्याआधी थोडी चढायची. किंबल आणि मर्लिन यांनी १९२३मध्ये त्यामागच्या पदार्थाला ‘ग्लुकागॉन’ नाव दिलं. बाकीच्यांच्या लेखी ती काढून टाकायची भेसळ होती. १९५३मध्ये एली लिलीच्या प्रयोगशाळेत त्याचे स्फटिक मिळाले, १९५७मध्ये २९ अमिनो आम्लांचा क्रम लागला, माणसांमधल्या काही चाचण्या त्याच इन्सुलिन-कोमाच्या वॉर्डांत झाल्या आणि १९६०मध्ये अमेरिकेत ते औषध म्हणून मंजूर झालं. ग्लुकागॉन स्वतः साखर आणत नाही, यकृताच्या गल्ल्याचं कुलूप उघडतं. मांडीत १ मिलिग्रॅम, लहान मुलाला अर्धा. दहा-पंधरा मिनिटांत शुद्ध येते. गल्लाच रिकामा असेल, म्हणजे दिवसभराचा उपास किंवा रात्रभराची दारू झाली असेल, तर ते फुकट जातं. उलटी अनेकदा होते, म्हणून टोचल्याबरोबर रुग्णाला कुशीवर वळवायचं.

साठ वर्षं ते पेटीत आलं तेही पावडरच्या रूपात, कारण पाण्यात विरघळलेलं ग्लुकागॉन काही तासांत तंतू धरून गोठतं. सिरिंजमधलं पाणी बाटलीत घाला, हलवा, परत ओढा, टोचा: बायको समोर बेशुद्ध पडलेली असताना नवऱ्याने हे सगळं करायचं. नुसतंच पाणी टोचलं गेल्याचे प्रकार त्यातूनच घडतात. २०१९मध्ये नाकात सोडायची ३ मिलिग्रॅमची कोरडी पावडर आणि आधीच विरघळवलेलं स्थिर इंजेक्शन, दोन्ही अमेरिकेत मंजूर झाली. पावडर नाकात आत ओढावी लागत नाही, म्हणून बेशुद्धाला चालते. पुण्यातल्या सामान्य घरात मात्र यातलं काहीच फ्रिजमध्ये सापडणार नाही. ग्लुकागॉन इथे दुर्मीळ आणि महाग राहिलं, त्यामुळे आपली भिस्त अजूनही शिरेवर, पर्यायाने अँब्युलन्सवर.

१०८ची सेवा महाराष्ट्रात २०१४पासून आहे. फोनवर ‘पेशंट बेशुद्ध’ एवढंच न सांगता ‘डायबेटिस आहे, साखर लो वाटते’ असं सांगा. ती येईपर्यंत कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, इन्सुलिन देऊ नका. ग्लुकोमीटर नसेल तर साखर कमीच आहे असं धरून चाला. विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रस्ता आणि टिळक रस्ता बंद असतात. आतल्या गल्लीत राहणाऱ्यांनी गाडी कुठपर्यंत येईल आणि स्ट्रेचर कोण धरेल, हे आदल्या दिवशीच ठरवावं.

साखर घसरण्याची कारणंही इथली वेगळी आहेत. आपल्याकडे इन्सुलिनच्या बहुतेक बाटल्या ४० युनिट प्रति मिलीच्या, पेनची काडतुसं १०० युनिटची. पेन बिघडलं म्हणून काडतुसातलं औषध लाल टोपीच्या, म्हणजे ४०च्या सिरिंजने २० च्या रेघेपर्यंत ओढलं, की शरीरात ५० युनिट जातात. १००च्या सिरिंजची टोपी नारिंगी असते, आणि मिणमिणत्या दिव्यात हे दोन रंग भलतेच सारखे दिसतात. संकष्टीला सकाळी ग्लिमेपिराइड ही मधुमेहाची गोळी घेऊन चंद्रोदयापर्यंत थांबणारे, किंवा रोजचाच डोस घेऊन पालखीबरोबर दिवेघाट चढणारे, दोघेही न जेवता साखर उतरवत असतात.

ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांचा जन्मच हायपोतून झाला. १९४२मध्ये फ्रान्समधल्या माँपेलिएत टायफॉइडच्या रुग्णांना मार्सेल जाँबाँ यांनी एक नवं सल्फा औषध दिलं. साखर इतकी घसरली की काही रुग्ण दगावले. ओग्युस्त लुबातिएर यांनी त्यामागची कारणं उलगडली आणि तिथून सल्फोनिलयुरिया या गटाच्या गोळ्या आल्या. त्यांतल्याच ग्लिबेनक्लामाइडचे क्रियाशील अंश मूत्रपिंडातून बाहेर पडतात. मूत्रपिंड थकलेलं असेल तर ते दिवसेंदिवस रेंगाळतात. आणि शिरेतून साखर चढली की स्वादुपिंड तिला पाहून आणखी इन्सुलिन सोडतं. म्हणून असा रुग्ण उठून चहा मागू लागला, तरी त्याला घरी न्यायचं नसतं. किमान २४ तास, मूत्रपिंड कमजोर असेल तर ४८ किंवा त्याहून जास्त, सुरुवातीला तासातासाला साखर बघायची, खायला द्यायचं, १० टक्के डेक्स्ट्रोज चालू ठेवायचं, आणि आकडा पुन्हा पुन्हा पडत असेल तर इन्सुलिन सुटणं रोखणारं ऑक्ट्रिओटाइड, ५० मायक्रोग्रॅम त्वचेखाली. ‘आता बरे आहेत, सही करून नेतो’ म्हणून दुपारी नेलेला रुग्ण अनेकदा त्याच रात्री, झोपेत, पुन्हा खाली जातो.