डार्टमूरचा नकाशा आणि तंबूचा वाद : पार्श्वभूमी

ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २१ मे २०२५ रोजी एकमताने निकाल दिला. डेव्हन परगण्यातल्या डार्टमूरच्या माळावर पाठीवरचा तंबू लावून रात्र काढायला जमीनमालकाची परवानगी लागत नाही. बातम्यांमध्ये हे प्रकरण श्रीमंत मालक विरुद्ध फिरस्ते असंच रंगलं. पण डेव्हनच्या वाटाड्या पुस्तकांचा आणि नकाशांचा इतिहास पाहिला, तर हा पेच फार आधीपासून शिजत होता असं दिसतं. वाट कुठून जाते हे नकाशे उत्तम सांगत आले. त्या वाटेने जायचा हक्क तुम्हाला आहे का, हे सांगायला मात्र त्यांनी शक्यतो टाळलं.

सुरुवातीचा इतिहास थोडक्यात. डेव्हनचा नीट मोजणी करून काढलेला पहिला मोठा नकाशा १७६५चा, मैलाला एक इंच या प्रमाणातला. बिडफर्डच्या एका गणित शिक्षकाने तो काढला आणि त्यासाठी लंडनच्या एका संस्थेचं १०० पौंडांचं बक्षीस मिळवलं. सरकारी मोजणी खातं १७९१ सालचं. फ्रेंच फौजा दक्षिण किनाऱ्यावर उतरतील या धास्तीने त्याच्या कामाला जोर आला आणि डेव्हनचा नकाशा १८०९मध्ये छापून झाला. तोफा कुठल्या रस्त्याने न्यायच्या आणि कुठला चढ मारता येणार नाही, याची लष्कराला माहिती हवी होती. सुट्टीत पायी भटकणारा माणूस कुणाच्या डोळ्यांपुढे नव्हता.

तो माणूस आला रेल्वेबरोबर. १८६६मध्ये मोर्टनहॅम्पस्टेड, १८७१मध्ये ओकहॅम्प्टन, १८८३मध्ये प्रिन्सटाउन असे फाटे डार्टमूरला भिडत गेले. त्याआधी वाटाड्या म्हणजे पुस्तक नव्हे, हाडामांसाचा माणूस. चॅगफर्डच्या अशाच एका वाटाड्याने १८५४ साली क्रॅनमियर पूल या आडबाजूच्या, दलदलीने वेढलेल्या जागी एक बाटली ठेवली. तिथवर पोचणाऱ्याने आपलं कार्ड त्यात टाकावं, अशी कल्पना. माळावर लपवलेल्या डब्या शोधण्याचा ‘लेटरबॉक्सिंग’ नावाचा छंद यातूनच निघाला. (शेरलॉक होम्सच्या वाचकांना इथल्या दलदलीची आणि धुक्याची ओळख करून द्यायला नको.)

१९०९मध्ये डार्टमूरचं एक जाडजूड वाटाडं पुस्तक निघालं. माळावर आयुष्य घालवलेल्या लेखकाने गावागावातून निघणाऱ्या सहली, ओढे, जुन्या दगडी खुणा, गुराख्यांच्या तोंडची नावं असं सगळं त्यात ओतलं. १९६५मध्ये ते पुन्हा छापलं गेलं. प्रिन्सटाउनची गाडी तोवर बंद होऊन नऊ वर्षं लोटली होती, तरी पुस्तक खपलं. स्टेशनं गेली तरी ओढे जागेवरच होते! आजही डार्टमूरचे जाणते लोक नव्या पुस्तकातली वाट या जुन्याशी ताडून पाहतात.

याच काळात सरकारी नकाशांच्या तळाशी एक वाक्य स्थिरावलं. नकाशावर रस्ता, गाडीवाट किंवा पायवाट दाखवली आहे, एवढ्यावरून तिथे वहिवाटीचा हक्क असल्याचा पुरावा होत नाही, अशा अर्थाचं. बारीक टायपातलं हे वाक्य कुणी वाचत नसे. मोजणीदाराने जमिनीवर जे दिसलं ते कागदावर उतरवायचं आणि हक्काबिक्काच्या भानगडीत पडायचं नाही, असं खात्याचं धोरण होतं. खात्याच्या दृष्टीने ते शहाणपणाचंच होतं. फाटकापाशी अडवलं गेलेल्या माणसाला मात्र हातातल्या नकाशाचा काडीचा उपयोग नसे.

हे बदललं १९४९च्या कायद्याने. परगणा परिषदांनी सार्वजनिक पायवाटांची पक्की नोंद करावी असं ठरलं. गावोगावच्या लोकांनी वाटा चालून माहिती दिली, हरकती आल्या, सुनावण्या झाल्या आणि त्यातून ‘डेफिनिटिव्ह मॅप’ तयार झाले. या नकाशावर असलेली वाट हा हक्काचा निर्णायक पुरावा. आजच्या १:२५,००० नकाशावरच्या हिरव्या तुटक रेघा या नोंदीवरूनच येतात. डार्टमूर १९५१मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. त्याचा सरकारी नकाशा, क्रमांक ‘ओएल २८’, उलगडून पाहिला तर एक गोष्ट लगेच दिसते. कडेच्या शेतांमधून हिरव्या रेघांचं जाळं आहे, पण भर माळावर त्या विरळ होत जातात. माळावर लोक पूर्वापार वाटेल तिथून चालत आले होते. जिथे कुठूनही जाता येतं, तिथे ठरावीक रेघ कशाला?

हा माळ ‘कॉमन’ जमिनीचा. इथे मराठी वाचकाला गायरान आठवेल आणि घोटाळा होईल. गायरान सरकारी असतं. कॉमनला खासगी मालक असतो, शेजारच्या शेतकऱ्यांना तिथे गुरं-मेंढरं चारायचा हक्क असतो, आणि बाकीच्या जनतेला बराच काळ कायद्याने काहीच नव्हतं, होती ती फक्त मुभा. डार्टमूरपुरती ही उणीव १९८५च्या खास कायद्याने भरून काढली. त्याच्या दहाव्या कलमात म्हटलं होतं की, जनतेला ‘पायी आणि घोड्यावरून’, ‘खुल्या हवेतल्या मनोरंजनासाठी’ कॉमनवर जाण्याचा हक्क राहील. तंबूचा उल्लेख कुठेच नव्हता.

चाळीसेक वर्षं कुणाचं काही अडलं नाही. उद्यान प्राधिकरणाने उपविधी केले: रस्त्यापासून १०० मीटर दूर राहा, कुंपणाच्या आत तंबू लावू नका, एका जागी सलग दोन रात्रींहून जास्त थांबू नका. कुठल्या कॉमनवर तंबू चालेल, त्याचा रंगीत नकाशाही काढला. पुस्तकांनी तोच आधार धरला. इंग्लंडमध्ये न विचारता मुक्काम करता येईल असा हा एकमेव मोठा भाग, असं लिहिलं जाऊ लागलं आणि लोक त्याच भरवशावर येऊ लागले.

मग माळाच्या दक्षिणेकडच्या स्टॉल मूरच्या मालकांनी प्राधिकरणाला कोर्टात खेचलं. त्यांची तक्रार अगदीच निराधार नव्हती. कचरा, शेकोट्या, गुरांना होणारा त्रास हे प्रश्न खरे आहेत, आणि टाळेबंदीनंतरच्या उन्हाळ्यांत ते वाढले होते. पण त्यांचा कायदेशीर मुद्दा कचऱ्यापुरता नव्हता. १९८५च्या कायद्याने तंबू लावायचा हक्क मुळात दिलेलाच नाही, असं त्यांचं म्हणणं. ‘पायी आणि घोड्यावरून’ म्हटलंय, म्हणजे चालणं आणि घोडेस्वारी आली. झोप हे मनोरंजन कसलं? आणि तंबूत शिरून चेन ओढून घेतली की हवा खुली राहिली कुठे?

१३ जानेवारी २०२३ला उच्च न्यायालयाने हे मान्य केलं. त्या निकालाचा नकाशावरचा परिणाम तत्काळ दिसला. प्राधिकरणाचा जुना नकाशा बाद झाला. मालकांशी घाईघाईने बोलणी झाली, ज्यांनी राजीखुशीने परवानगी दिली त्यांच्या जमिनी दाखवणारा नवा नकाशा आला. कालपर्यंत जो हक्क होता तो आता मेहरबानी झाला, शिवाय या परवानगीबद्दल मालकांना मोबदला द्यायचं ठरलं. आठवड्याभरात हजारो लोक स्टॉल मूरवर निषेधाला जमले.

अपील न्यायालयाने ३१ जुलै २०२३ रोजी निकाल फिरवला. चालता चालता माणूस दमून गवतावर आडवा झाला, त्याचा डोळा लागला, तर तो मनोरंजनाबाहेर गेला का? नाही. मग ऊन-पावसासाठी वर कापड ओढलं म्हणून काय फरक पडतो? आणि तंबूचं दार उघडं आहे की बंद, यावर हक्क कसा ठरेल? सर्वोच्च न्यायालयाने २०२५मध्ये तीच दिशा कायम ठेवली. ‘पायी आणि घोड्यावरून’ हे शब्द माळावर कसं यायचं ते सांगतात, आल्यावर काय करायचं याची यादी देत नाहीत. गैरवापर रोखायला उपविधी करण्याचे अधिकार प्राधिकरणाकडे आहेतच, मग त्यासाठी मूळ हक्क आक्रसायची गरज नाही. माझ्या मते हाच युक्तिवाद सगळ्यात वजनदार. मालकांच्या वकिलांकडे त्याला पटेल असं उत्तर नव्हतं.

डार्टमूरच्या नकाशावर आणखी एकाचा ताबा आहे, त्याच्याशी कुणी कोर्टात भांडत नाही. उत्तरेचा बराच भाग लष्कराच्या गोळीबार मैदानात येतो. ६२१ मीटरचं हाय विल्हेज आणि शेजारचं येस टॉर, ही माळावरची सगळ्यात उंच दोन टोकं त्याच हद्दीत. नकाशावर लाल रेघेने हद्द आखलेली, त्यात ‘डेंजर एरिया’. प्रत्यक्षात लाल-पांढरे खांब, आणि सराव असेल त्या दिवशी लाल निशाण. त्यामुळे चांगल्या पुस्तकात वाटेच्या वर्णनाआधी गोळीबाराचं वेळापत्रक बघा, असं लिहिलेलं असतं. १९६०पासून बहुतेक दरवर्षी शाळकरी मुलं दहा टॉर (खडकाळ माथ्याच्या टेकड्या) पायी गाठायला याच माळावर उतरतात, नकाशा-होकायंत्र घेऊन आणि वाटेत तंबूत मुक्काम करून. त्याचं आयोजनही लष्कराकडे.

आपल्याकडे किनाऱ्यालगतची टोपोशीटं (सरकारी मोजणीचे तपशीलवार नकाशे) वर्षानुवर्षं ‘रिस्ट्रिक्टेड’ शिक्क्याखाली होती, आणि सर्वांसाठीच्या खुल्या मालिकेची वाट २००५च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने केली. सह्याद्रीतल्या जुन्या ट्रेकरांना म्हणूनच डेव्हनच्या दुकानात लष्करी मैदानासकट सगळा मुलूख दाखवणारा नकाशा सहज मिळतो, याचं अप्रूप वाटतं.

पायवाटांच्या नोंदीचं घोंगडं मात्र अजून भिजत पडलं आहे. २०००च्या कायद्याने १ जानेवारी २०२६ ही मुदत घातली होती. १९४९पूर्वीच्या ज्या वाटा तोवर नोंदल्या जाणार नाहीत, त्यांचा हक्क संपणार होता. २०२२मध्ये सरकारने मुदत रद्द करू म्हटलं, २०२३मध्ये फिरवून ती २०३१वर नेली, आणि २०२४च्या डिसेंबरात नव्या सरकारने पुन्हा रद्द करायचं जाहीर केलं. जुने नकाशे चाळून विसरलेल्या वाटा हुडकणारे स्वयंसेवक तोवर अर्जांमागून अर्ज भरत राहिले.

२०००च्याच कायद्याने इंग्लंड आणि वेल्समधले डोंगर, माळ आणि कॉमन पायी फिरायला खुले केले. नकाशांवर ते फिकट पिवळ्या रंगात आले. पण त्या कायद्याच्या परिशिष्टात कॅम्पिंगला स्पष्ट मनाई आहे. डेव्हनच्या उत्तर टोकाला एक्समूर हा दुसरा माळ आहे, त्याचा नकाशा ‘ओएल ९’. रंग तोच, हिरव्या रेघा त्याच, प्रमाणही तेच. तिथे तंबू लावायचा तर जमीनमालकाला विचारावं लागतं.