पाहिलं की ओळखतं, विचारलं की आठवत नाही

जपानीच्या हिरागाना आणि काताकाना या दोन लिप्यांमध्ये मूळ अक्षरं प्रत्येकी ४६. नेटाने बसलं तर काही आठवड्यांत ती वाचता येतात, आणि नेमका इथेच स्वतःहून जपानी शिकणारा गाफील होतो. समोर दिसलेलं अक्षर ओळखणं सोपं. कोऱ्या कागदावर तेच आठवून लिहिणं मेंदूला कितीतरी जड जातं. शब्द पक्के होतात ते या जड कामामुळे.

मानसशास्त्रज्ञ जेफ्री कार्पिके आणि हेन्री रोडिगर यांचा २००८ साली ‘सायन्स’मध्ये आलेला प्रयोग याबाबतीत बोलका आहे. त्यांनी विद्यार्थ्यांना स्वाहिली शब्द आणि त्यांचे इंग्रजी अर्थ अशा ४० जोड्या शिकवल्या. एकदा बरोबर आठवलेला शब्द काही गटांना पुढेही विचारला जाई, काहींना तो पुन्हा विचारलाच नाही. आठवड्यानंतर पहिल्यांना सुमारे ८० टक्के अर्थ आठवले, दुसऱ्यांना जेमतेम एक तृतीयांश. चाचणी न घेता शब्द नुसते पुन्हा वाचायला दिल्याचा जवळपास काहीच उपयोग झाला नाही. मला त्याहून मोलाची वाटते ती पुढची गोष्ट. ‘आठवड्याने किती आठवेल?’ असं आधी विचारलं, तेव्हा सगळ्याच गटांनी साधारण निम्मे असा अंदाज सांगितला होता. आपलं किती पक्कं झालंय, हे शिकणाऱ्याला आतून कळत नाही.

परीक्षेवरही विसंबता येत नाही. जेएलपीटी या जपानी प्रावीण्य परीक्षेच्या एन-५ ते एन-१ अशा पाच पातळ्या आहेत आणि एकीतही बोलायला किंवा स्वतः वाक्य लिहायला लावत नाहीत. उत्तर दिलेल्या पर्यायांतून निवडायचं, म्हणजे पुन्हा ओळखणंच.

एका बाजूला शब्द आणि मागे अर्थ लिहिलेल्या कार्डांवरच्या उजळणीने अर्धं काम होतं. मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं, की विसरणं सुरुवातीला झपाट्याने होतं आणि मग मंदावतं. म्हणून उजळणीतलं अंतर हळूहळू वाढवत न्यायचं. अँकीसारखी ॲप हे गणित आपोआप करतात. रोजच्या वापरासाठी ठरवलेल्या जोयो यादीत २,१३६ कांजी, म्हणजे चिनीतून आलेली अक्षरचिन्हं, आहेत, त्यांना दुसरा इलाज नाही.

पण कार्ड सुटा शब्द विचारतं. जपानमध्ये राहायला गेलेल्या माणसाला नव्या घरात गेल्यापासून १४ दिवसांत स्थानिक कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो. त्या नोंदणीचा अर्ज भरणं हा फार चांगला अभ्यास आहे. नाव काताकानात लिहायला बसलं, की पहिल्या ओळीतच पेच. जपानीत ‘ल’ आणि ‘र’ वेगळे नाहीत, महाप्राण नाहीत, आणि ‘न्’ सोडला तर शब्दाच्या शेवटी व्यंजन मोकळं राहत नाही. निखिलचा निकिरु होतो. जन्मसालाच्या रकान्यात बहुतेकदा सम्राटांच्या कारकिर्दींप्रमाणे मोजल्या जाणाऱ्या युगांची नावं छापलेली असतात: १९९५ म्हणजे हेइसेई ७, आणि १ मे २०१९ पासून रेइवा. पत्ता उलटा चालतो, आधी प्रांत, मग शहर, घराचा क्रमांक सर्वांत शेवटी. या एका कागदावर लिपी, अंक, उच्चार आणि शब्दक्रम एकाच वेळी कामाला लागतात, आणि कुठे अडलं ते लगेच दिसतं.

हे अडणंच कामाचं. कॅनडात फ्रेंच माध्यमातून शिकणारी मुलं ऐकून उत्तम समजत, पण बोलण्या-लिहिण्यात चुका राहून जात. ते पाहून भाषाशिक्षणाच्या अभ्यासक मेरिल स्वेन यांनी मांडलं, की स्वतः वाक्य घडवायची वेळ आल्याशिवाय आपल्याला काय येत नाही हे लक्षातच येत नाही.

मग मार्गदर्शक कशाला? व्याकरण समजवायला पुस्तकं पुरेशी आहेत. त्याने काम निवडावं, शिकणाऱ्याच्या कुवतीपेक्षा जरासं वरचं, आणि ते पुरं होईपर्यंत मध्ये बोलू नये. नंतरही सगळ्या चुका लाल करण्यापेक्षा अर्थ बिघडवणाऱ्या दोन-तीन घ्याव्यात. मराठी माणसावर वाक्यरचनेसाठी फार वेळ घालवायची गरज नाही. क्रियापद शेवटी आणि नामामागून प्रत्यय ही सवय आपल्याला आहेच. वाक्याचा विषय दाखवणारा ‘वा’ आणि कर्ता दाखवणारा ‘गा’ हे प्रत्यय कधी वापरायचे, इथे मात्र मराठी हात देत नाही, तिथे वेळ द्यावा.

काही दिवसांनी तोच अर्ज वेगळा पत्ता देऊन, न बघता भरायचा. त्यानंतर तीच माहिती फोनवर सांगायची. तिथे कागद नसतो, समोरचा भराभर बोलतो, आणि ‘मोओ इचिदो ओनेगाइशिमासु’, म्हणजे ‘पुन्हा एकदा सांगा’, हे वाक्य वेळेवर तोंडात यावं लागतं.