कर्नल कोसळला, पण खोट कोणाची?

हापूसचा हंगाम भरात आला की देवगड-मालवणकडून फोन ठरलेला: "दादानू, मायएसक्यूएलान परत सर्व्हर पाडल्यान!" (मायएसक्यूएल म्हणजे नोंदी ठेवणारा डेटाबेस.) पाठोपाठ मोबाइलवर तिरका काढलेला स्क्रीनचा फोटो, निम्म्या ओळी ट्यूबलाइटच्या उजेडात गायब. नेमकं काय पडलं, असं विचारलं की समोरचा वैतागतो. पण विचारावं लागतं, कारण प्रोग्राम मरणं वेगळं आणि कर्नल कोसळणं वेगळं. (कर्नल म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, फौजेतला नव्हे. हेही एकदा सांगावं लागलंय.)

प्रोग्राम मरणं तुम्ही नेहमी बघता, त्यामुळे थोडक्यात. प्रोग्रामने मेमरीतल्या भलत्या पत्त्यावर हात घातला की कर्नल त्याला ११ नंबरचा सिग्नल (इशारा) देतो, तो सेगफॉल्ट. रॅम संपली की कर्नलचा ओओएम (आउट ऑफ मेमरी) किलर ९ नंबरचा सिग्नल देऊन कोणाला तरी आडवं करतो. डॉकरवाल्यांना (प्रोग्राम डब्यात बंद करून चालवणाऱ्यांना) हेच एक्झिट कोड १३९ आणि १३७ म्हणून दिसतं. मशीन जागेवर असते, पिंग लागतो, सेवा सांभाळणारा सिस्टमडी ती पुन्हा उठवतो. इथे कर्नलने आपलं काम चोख केलेलं असतं. ओओएमच्या नोंदीत लांबलचक कॉल ट्रेस (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं त्याची यादी) छापला जातो, तो बघून 'कर्नल पॅनिक झाला' म्हणणाऱ्यांना मी आता उत्तर देणं सोडलंय.

कर्नल कोसळतो तेव्हा चूक त्याच्या स्वतःच्या कोडमध्ये, निदान त्याच्या हद्दीत झालेली असते. निभावण्यासारखं असेल तर ऊप्स: त्या वेळी चालू असलेली प्रोसेस मारून कर्नल लंगडत पुढे जातो. निभावण्यासारखं नसेल तर पॅनिक: सगळं ठप्प. इथवर बहुतेकांना कळतं.

पाय घसरतो तो पुढे. ऊप्सच्या मजकुरात सुरुवातीलाच सीपीयूचा नंबर, पीआयडी (प्रोसेसचा नंबर) आणि 'कॉम' असं लिहून प्रोसेसचं नाव असतं. तिथे मायएसक्यूएलडी (मायएसक्यूएलची प्रोसेस) दिसलं की तपास संपला! मग आवृत्ती बदला, काढून पुन्हा बसवा, त्या कंपनीला शिव्या घाला. 'कॉम' म्हणजे आरोपीचं नाव नाही हो. त्या क्षणी त्या सीपीयूवर कोणाची पाळी चालू होती, एवढंच ती ओळ सांगते.

साध्या प्रोग्रामला कर्नलच्या मेमरीला हात लावता येत नाही, प्रोसेसरच त्याला अडवतो. त्याला सिस्टीम कॉल करून, म्हणजे कर्नलला विनंती करून, मागावं लागतं. मागणी कितीही वेडीवाकडी असो, ती तपासून 'नाही' म्हणणं कर्नलचं काम. मागणी ऐकून कर्नलच पडत असेल, तर खोट कर्नलमध्ये, ड्रायव्हरमध्ये नाहीतर हार्डवेअरमध्ये. वहाळावरच्या साकवावरून गडी आंब्याच्या पेट्या घेऊन गेला आणि साकव मोडला. पेट्या जड होत्या, कबूल. पण साकव घातला होता तो माणसं न्यायलाच. आतली फळी कुजलेली होती. उद्या गड्याला 'एकेक पेटी ने' म्हणालात तर साकव अजून महिनाभर टिकेल. मायएसक्यूएलचा बफर पूल (त्याने रॅममध्ये अडवलेली जागा) निम्मा करून 'झालं दुरुस्त' म्हणणारे नेमकं हेच करतात.

बरं, दर वेळी पेट्यांचं वजन तरी कारण असतं का? तेही नाही. मायएसक्यूएल आपलं काम करत असताना नेटवर्क कार्डाचा इंटरप्ट (चालू काम थांबवून लक्ष मागणारा इशारा) येतो, त्याच सीपीयूवर ड्रायव्हर चालतो आणि आपटतो. 'कॉम'मध्ये नाव मात्र मायएसक्यूएलचं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. अशा वेळी कॉल ट्रेसमध्ये कोनी कंसात आयआरक्यू, म्हणजे इंटरप्ट, लिहिलेलं असतं, ते कोणी वाचत नाही.

म्हणून 'कॉम' सोडा, 'आरआयपी'ची ओळ बघा. कर्नल कोणत्या फंक्शनमध्ये आपटला ते तिथे असतं, आणि शेजारी चौकोनी कंसात मॉड्यूलचं (कर्नलला जोडलेल्या तुकड्याचं) नाव असलं तर अर्धं काम झालं. मग 'टेंटेड'ची, म्हणजे कर्नल कशाने डागाळलाय त्याची, अक्षरं: पी म्हणजे बंदिस्त परवान्याचं मॉड्यूल, ओ म्हणजे कर्नलच्या मूळ कोडबाहेरून आणून बसवलेलं, एम म्हणजे प्रोसेसरने स्वतःच हार्डवेअरची तक्रार केलेली. डी असेल तर आधीच एक ऊप्स होऊन गेलाय आणि तुम्ही दुसरा वाचताय. फोटो पाठवणारे नेहमी शेवटचा पाठवतात. मला पहिला हवा असतो, पुढचे सगळे त्याची पिल्लं.

आणि एकावर थांबू नका, दोनतीन ऊप्स शेजारी ठेवा. आरआयपी दर वेळी एकच असेल तर कोडमधला बग. दर वेळी भलतीकडेच असेल तर मी आधी रॅमवर संशय घेतो. किनाऱ्याजवळच्या एका लॉजवर असंच होतं: तीन ऊप्स, तीन वेगळी ठिकाणं, 'कॉम' मात्र तिन्हीत मायएसक्यूएलडी. तोवर तिथल्या पोराने मायएसक्यूएल दोनदा नव्याने बसवलं होतं. रॅम तपासणारा मेमटेस्ट रात्रभर लावला, सकाळी स्क्रीन लाल. खाऱ्या हवेने रॅमच्या स्लॉटची दशा केली होती. मायएसक्यूएलचा संबंध एवढाच, की तो रॅम खात सुटतो आणि मग एरवी रिकाम्या पडलेल्या खराब जागेत कर्नलच्याही चिजा जाऊन बसतात.

मोठी उदाहरणंही आहेत. २०१९ साली टीसीपी या नेटवर्क प्रोटोकॉलमधल्या सॅकच्या (कोणती पाकिटं पोचली त्या पावतीच्या) हाताळणीतला दोष उघड झाला: बाहेरून ठरावीक पाकिटं पाठवून २.६.२९ पासूनचा लिनक्स कर्नल पॅनिक करता येत होता. वेब सर्व्हरने फक्त पोर्ट उघडा ठेवलेला. विंडोजवर २०१५ साली एचटीटीपी.सिसमध्ये तसंच झालं, एका वेड्यावाकड्या रेंज हेडरने निळा स्क्रीन. पण तिथे आयआयएस या वेब सर्व्हरला विनंत्या पुरवणारा तो भाग मुळातच कर्नलमध्ये बसलेला. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरमुळे सुमारे ८५ लाख विंडोज मशीन पडल्या, त्याही त्यांचा ड्रायव्हर कर्नलमध्ये होता म्हणून. तेव्हा सॉफ्टवेअर स्वतःचं मॉड्यूल कर्नलमध्ये घुसवत असेल, तर खुशाल त्याला धरा.

बाकी अपवाद बारके. पीआयडी १ (सर्वांत पहिली प्रोसेस) मेला तर पॅनिक होतोच. 'पॅनिक ऑन ओओएम' हे सेटिंग कोणीतरी १ करून ठेवलं असेल तर रॅम संपल्यावरही होतो, पण तो तुम्हीच मागितलेला.

माझ्या हाताखालच्या मशीनवर 'पॅनिक ऑन ऊप्स' १ असतं, पॅनिकनंतर १० सेकंदांनी रिबूट, आणि केडम्प (पडताना मेमरीची प्रत ठेवणारी सोय) चालू. लंगड्या कर्नलवर लोकांचे हिशेब ठेवायला माझं मन धजत नाही. केडम्प हवाच, कारण पॅनिकच्या वेळचा मजकूर बरेचदा डिस्कपर्यंत पोचतच नाही. जर्नल (सिस्टीमची नोंदवही) मध्येच तुटलेलं दिसतं, बस्स.

आणि तसं तुटलेलं जर्नल वीज गेल्यावरही दिसतं. 'लास्ट' ही कमांड तेव्हा बेधडक 'क्रॅश' छापते. तिच्या लेखी क्रॅश म्हणजे शटडाउनची नोंद सापडली नाही, इतकंच. जूनमध्ये मला येणाऱ्या 'क्रॅश'पैकी निम्मे असले. त्यामुळे पावसाळ्यात माझा पहिला प्रश्न ठरलेला: यूपीएसची बॅटरी शेवटची कधी बदललीत?