देशाची जर्सी, क्लबचा करार आणि ‘विंडो’ची भानगड

नोव्हेंबर आणि फेब्रुवारीचे शेवटचे आठवडे जवळ आले की बास्केटबॉल पाहणाऱ्यांच्या गप्पांत एक प्रश्न हमखास निघतो. देशांच्या पात्रता सामन्यांसाठी राखून ठेवलेल्या या दिवसांना ‘विंडो’ म्हणतात. कोवळ्या वयात व्यावसायिक करार मिळालेल्या खेळाडूने तेव्हा देशाकडून खेळावं, की क्लबमध्ये घाम गाळावा? मुंबईतल्या नागपाड्यात किंवा माटुंग्यात हा प्रश्न जरा वेगळ्या चालीवर विचारला जातो, कारण मुळात करार हातात असलेले आपले खेळाडूच मोजके. तरी वादाचा गाभा तोच आहे आणि त्याची आजची गुंतागुंत २०१७ साली सुरू झाली. त्याआधीचं आवश्यक तेवढंच सांगतो.

१९८९च्या एप्रिलमध्ये म्युनिकला जागतिक महासंघाचं मतदान झालं आणि ५६ विरुद्ध १३ मतांनी एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या खेळाडूंना राष्ट्रीय संघांची दारं उघडली. तोवरची व्यवस्था दांभिक होती. युगोस्लाव, स्पॅनिश, ब्राझिलियन खेळाडू खेळावरच पोट भरत आणि ते सर्रास खपून जाई; एनबीएचा करार मात्र चालत नसे. एका ब्राझिलियन फॉरवर्डला १९८४च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीए संघांच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत, न्यू जर्सीच्या संघाने निवडलं, तर त्याने सरळ नकार कळवला, कारण सही केली असती तर देशाचा संघ सुटला असता. तीन वर्षांनी पॅन अमेरिकन स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्याने ४६ गुण केले आणि अमेरिका स्वतःच्या अंगणात, इंडियानापोलिसला, १२०-११५ अशी हरली. १९८८च्या सोल ऑलिम्पिकमध्ये कॉलेजच्या मुलांना घेऊन गेलेल्या अमेरिकेला कांस्यावर समाधान मानावं लागलं. एनबीएचे तारे घेऊन अमेरिकेने जिंकलेलं बार्सिलोना १९९२ सगळ्यांना पाठ आहे.

त्यापेक्षा कमी बोललं जातं ते वयोगटांच्या संघांबद्दल. १९८७च्या उन्हाळ्यात इटलीतल्या बोर्मिओला ज्युनियर विश्वस्पर्धा झाली. तिथे एका लांबलचक युगोस्लाव पोराने अमेरिकेविरुद्ध तीन गुणांचे १२ पैकी ११ फटके टाकले. तो संघ जिंकला, आणि त्यातलेच चेहरे १९९० साली वरिष्ठ विश्वविजेत्या संघात दिसले. स्पेनचंही तेच. लिस्बनला १९९९ साली अमेरिकेला हरवून ज्युनियर विश्वविजेती ठरलेली पिढी २००६ साली जपानमध्ये वरिष्ठ विश्वविजेत्या संघाचा कणा बनली. ही मुलं वर्षाचे दहा महिने वेगवेगळ्या क्लबांत, वेगवेगळ्या प्रशिक्षकांच्या शिव्या खात वाढत होती; उन्हाळा आला की मात्र पुन्हा एकत्र. कोण कुठे कट मारणार, कोणाला पास कधी हवा, हे त्यांना न बोलता कळायचं ते या उन्हाळ्यांमुळे, असं माझं मत आहे.

अमेरिकेला हे उशिरा उमगलं. २००४च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये प्वेर्तो रिकोने त्यांना ९२-७३ असं धुतलं. त्या संघात १९, २० आणि २२ वर्षांचे तिघे नवखे एनबीएपटू होते आणि बराचसा वेळ बाकावर होते. चार वर्षांनी बीजिंगमध्ये सुवर्ण जिंकणाऱ्या संघात तेच तिघे होते. २०१० साली तुर्कस्तानच्या विश्वस्पर्धेत तर अमेरिकेने जवळजवळ पोरांचाच संघ पाठवला आणि ती जिंकली. त्यातला २१ वर्षांचा शिकागोचा गार्ड पुढच्याच मोसमात एनबीएचा आजवरचा सर्वांत तरुण एमव्हीपी, म्हणजे मोसमातला सर्वोत्तम खेळाडू, झाला. त्या एका उन्हाळ्यामुळे झाला असं कोणी सिद्ध करू शकणार नाही. पण तिथे असलेल्यांपैकी तो एकटाच वर गेला असंही नाही.

मग ऑगस्ट २०१४. लास वेगासमधल्या संघांतर्गत सराव सामन्यात इंडियानाच्या एका तरुण स्टारचा उजवा पाय मोडला. पुढच्या मोसमात त्याला फक्त ६ सामने खेळता आले. पगार क्लबचा, नुकसान क्लबचं, आणि कमाई महासंघाची, ही क्लबमालकांची जुनी तक्रार त्या दिवसापासून उघड बोलली जाऊ लागली. (तो खेळाडू स्वतः २०१६ला रिओमध्ये देशाकडून खेळला आणि सुवर्ण घेऊन आला, हे तक्रार करणारे सहसा सांगत नाहीत.)

या तापलेल्या हवेत जागतिक महासंघाने आपलं नवं वेळापत्रक आणलं. तोपर्यंत देशाचं बास्केटबॉल म्हणजे उन्हाळ्याचं काम होतं. क्लबांचा मोसम संपला की शिबिर, मग स्पर्धा, मग पुन्हा क्लब. नोव्हेंबर २०१७पासून विश्वचषकाची पात्रता फुटबॉलसारखी घरच्या-बाहेरच्या सामन्यांवर आली आणि ते सामने वर्षभरात ठरावीक ‘विंडो’मध्ये विखुरले गेले. त्यातल्या नोव्हेंबर आणि फेब्रुवारीच्या विंडो थेट क्लबच्या मोसमाच्या मधोमध. विश्वचषक २०१८ऐवजी २०१९ला ढकलला, संघ ३२ केले आणि युरोपची स्पर्धा दोन वर्षांऐवजी चार वर्षांनी घ्यायचं ठरवलं.

महासंघाची बाजू समजण्यासारखी होती. देशाचा संघ वर्षानुवर्षं आपल्याच शहरात खेळताना लोकांना दिसत नसेल, तर पोरं त्या जर्सीचं स्वप्न कशाला पाहतील? पण एनबीएने मोसमात एकही खेळाडू सोडणार नाही असं कळवलं. युरोपातल्या अव्वल क्लबांच्या स्पर्धेने, युरोलीगनेही, तेच केलं. युरोलीगने नुकतंच, २०१६-१७पासून, सगळ्यांनी सगळ्यांशी दोनदा खेळायचं असं ३० फेऱ्यांचं स्वरूप घेतलं होतं, त्यामुळे मधे दहा दिवस मोकळे काढायला जागा नव्हती. शिवाय युरोपातल्या क्लब स्पर्धा कोणी चालवायच्या यावरून तिचं आणि महासंघाचं भांडण २००० सालापासून धुमसत होतं. तेव्हा ‘वेळापत्रकात बसत नाही’ हे कारण खरं होतं आणि सोयीचंही होतं.

पहिला फटका बसला स्लोव्हेनियाला. सप्टेंबर २०१७मध्ये इस्तंबूलला त्यांनी युरोपचं अजिंक्यपद जिंकलं. त्या संघात माद्रिदकडून खेळणारा एक १८ वर्षांचा गार्ड होता. दोन महिन्यांनी पात्रता फेरी सुरू झाली, तेव्हा तो युरोलीगमध्ये अडकलेला. युरोपचे विजेते २०१९च्या विश्वचषकाला पात्रसुद्धा ठरले नाहीत. विंडोच्या विरोधात बोलणारे आजही पहिलं उदाहरण हेच देतात, आणि ते खोडून काढता येत नाही. अव्वल खेळाडू नसलेल्या सामन्यावर विश्वचषकाचं तिकीट ठरावं, हे विचित्रच आहे.

विरोधकांचं म्हणणं तिथेच थांबतं, ही माझी अडचण आहे. अव्वल खेळाडू आले नाहीत, तर त्यांची मिनिटं कोणाला मिळाली? दुसऱ्या फळीच्या क्लबांतल्या एकोणीस-वीस-बावीस वर्षांच्या पोरांना. क्लबमध्ये त्यांना चेंडू कोपऱ्यात मिळतो, तोही संघ वीस गुणांनी पुढे असताना. विंडोमध्ये त्यांना शेवटच्या दोन मिनिटांत चेंडू वर आणावा लागतो, आणि समोर देशातल्या प्रेक्षकांनी भरलेलं स्टेडियम असतं. सरावात याची नक्कल करता येत नाही.

सर्वांत गमतीचं उदाहरण फ्रान्सचं. त्यांचा आजचा अतिउंच सेंटर व्हिक्टर वेम्बन्यामा २०२१च्या १९ वर्षांखालील विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात अमेरिकेकडून ८३-८१ असा हरला. पुढच्या मोसमात तो युरोलीगमधल्या क्लबकडे होता. २०२२च्या उन्हाळ्यात त्याने तो क्लब सोडला आणि युरोलीग न खेळणारा पॅरिसजवळचा क्लब धरला. म्हणून नोव्हेंबर २०२२च्या विंडोसाठी तो मोकळा होता. लिथुएनियात, १८व्या वर्षी, वरिष्ठ संघातल्या पहिल्याच सामन्यात त्याने २० गुण आणि ९ रिबाउंड घेतले. आदल्या वर्षीच्याच क्लबमध्ये राहिला असता तर ही संध्याकाळ बहुधा झाली नसती.

तोच खेळाडू २०२३च्या विश्वचषकाला मात्र गेला नाही. एनबीएच्या पहिल्या मोसमासाठी शरीर तयार करायचं आहे, असं त्याने जूनमध्येच सांगून टाकलं. तो वर्षातला सर्वोत्तम नवोदित ठरला आणि २०२४ला पॅरिसच्या ऑलिम्पिक अंतिम सामन्यात अमेरिकेविरुद्ध २६ गुण करून रौप्य घेऊन गेला. दोन्ही बाजूंचे लोक त्याला आपलं उदाहरण म्हणून वापरतात.

देशाच्या खेळातून नक्की काय शिकायला मिळतं, यावर फार गुळगुळीत बोललं जातं: ‘परिपक्वता’, ‘दडपण झेलणं’ वगैरे. खरा फरक नियमांत सापडतो. आंतरराष्ट्रीय सामना ४० मिनिटांचा, एनबीएचा ४८चा. तीन गुणांची रेषा ६.७५ मीटरवर, एनबीएत कमानीवर ७.२४वर. पाच फाउलला बाहेर, तिकडे सहा. आणि बचाव करणाऱ्याने रंगीत चौकटीत तीन सेकंदांहून जास्त नुसतं उभं राहू नये, हा एनबीएचा नियम इथे नाही. त्यामुळे उंच माणूस रिंगखाली तंबू ठोकून बसू शकतो. मोकळ्या वाटेने आत घुसायची सवय असलेल्या तरुण गार्डला इथे वाटच मिळत नाही. त्याला पास, थांबून मारलेला मध्यम पल्ल्याचा फटका आणि संयम शिकावाच लागतो. चेंडू रिंगला लागल्यावर तो सिलिंडरमधूनही, म्हणजे रिंगच्या थेट वरच्या जागेतूनही, उडवता येतो, म्हणून सेंटरचं टायमिंग बदलतं.

आता आपल्याकडे. पुरुष संघ ऑलिम्पिकला एकदाच गेला, १९८०ला मॉस्कोला, बहिष्कारामुळे जागा रिकाम्या झाल्या म्हणून. २०१४ला वूहानमध्ये चीनला ६५-५८ असं हरवलं, तो अजूनही आपला सर्वांत मोठा विजय मानला जातो. पुढच्या वर्षी पंजाबातल्या एका सव्वासात फुटी सेंटरची एनबीए ड्राफ्टमध्ये ५२व्या क्रमांकावर निवड झाली. तो देशाच्या वरिष्ठ संघातून १५व्या वर्षीच खेळला होता. म्हणजे युरोपात क्लब आधी आणि देश नंतर, तर आपल्याकडे क्रम उलटा: देशाची जर्सी हीच परदेशी क्लबपुढे ठेवायची ओळख. २०१७च्या आसपास ऑस्ट्रेलियात आणि एनबीएच्या विकास लीगमध्ये ज्यांना संधी मिळाली, त्यांचं आंतरराष्ट्रीय खेळणंच तिकडच्या लोकांनी पाहिलं होतं. आपली देशांतर्गत लीग कोण पाहणार? तीच मुळात धड टिकत नव्हती.

विंडोने आपला फायदाच केला, थोडा हास्यास्पद रीतीने का होईना. आशिया आणि ओशनिया एकत्र आल्याने न्यूझीलंडसारखा संघ गटात येऊ लागला. २०२३च्या विश्वचषकाच्या पात्रता फेरीत कोविडमुळे दक्षिण कोरिया बाहेर पडला, गटात तीनच संघ उरले, तिघेही पुढे गेले आणि आपण दुसऱ्या फेरीत पोहोचलो. थट्टा झाली ती झाली. पण त्यामुळे लेबनॉन, जॉर्डनशी जास्तीचे सामने मिळाले.

मुंबईच्या पोराच्या दृष्टीने हिशेब आणखी वेगळा. नागपाड्याच्या गल्लीतून किंवा माटुंग्याच्या शालेय स्पर्धेतून वर आलेल्या मुलाच्या घरी पहिला प्रश्न नोकरीचा असतो. रेल्वे, बँका, सरकारी खाती खेळाडूंच्या कोट्यातून भरती करतात आणि त्यात देशाकडून खेळलेल्याला पहिली पसंती असते. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. यात वाईट काही नाही, घर चालतं. परिणाम असा होतो की युरोपातल्या पोराला जर्सी तेविसाव्या वर्षी पुढे नेते आणि आपल्याकडे त्याच वयात ती मुक्कामाला पोहोचवते. ऑक्टोबर २०१९मध्ये वरळीच्या डोममध्ये सॅक्रामेंटो आणि इंडियाना हे एनबीए संघ खेळून गेले, तेव्हा स्टँड भरलेले होते. त्या गर्दीतल्या पोरांना पुढे खेळायला मुंबईत बारमाही व्यावसायिक क्लब एकही नव्हता.

खेळाडू सोडायचा की नाही, हे भांडण म्हणूनच इथे होत नाही. केंद्र सरकारी कर्मचारी खेळाडूला वर्षाला ३० दिवसांपर्यंत विशेष नैमित्तिक रजा मिळते. विंडो त्यात बसते, शिबिरं लांबली की खेचाखेच होते. वरिष्ठ राष्ट्रीय स्पर्धा साधारण डिसेंबर-जानेवारीत, दोन विंडोंच्या मधे येते. कतारमधल्या २०२७च्या विश्वचषकाची पात्रताही याच विंडोंमधून ठरते आहे, आणि देशी लीग पुन्हा उभी करायचे प्रयत्नही चालू आहेत. त्या लीगने उद्या नोव्हेंबर किंवा फेब्रुवारीच निवडला, तर माद्रिदमध्ये जे झालं तेच भांडण चर्चगेटच्या रेल्वे कार्यालयांत ऐकू येईल.