कीबोर्डवरून ट्रॅक निवडताना : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडून व्हिडिओ एडिटिंगची सिस्टीम घेतलेल्या ग्राहकांची एक तक्रार ठरलेली असते : ‘कट मारला, पण भलत्याच ट्रॅकवर बसला.’ (ट्रॅक म्हणजे टाइमलाइनवर एकाखाली एक असलेल्या चित्राच्या आणि आवाजाच्या पट्ट्या.) यात मशीनचा दोष नसतो. ‘ट्रॅक निवडणे’ म्हणताना आपण दोन वेगळ्या कामांची गल्लत करतो. ट्रॅकवरच्या क्लिप, म्हणजे चित्राचे किंवा आवाजाचे तुकडे, उचलणे हे एक काम. पुढची कमांड कोणत्या ट्रॅकवर चालावी हे ठरवणे, म्हणजे ट्रॅक टार्गेट करणे, हे दुसरे. दोन्हींच्या कळा वेगळ्या आहेत. खालच्या कळा प्रीमिअर प्रो या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या विंडोज आवृत्तीतल्या. मॅकवर कंट्रोलऐवजी कमांड आणि ऑल्टऐवजी ऑप्शन धरा.

क्लिप उचलणे

‘ए’ दाबून टाइमलाइनवर क्लिक केले की तिथून पुढच्या सगळ्या ट्रॅकवरच्या सगळ्या क्लिप सिलेक्ट होतात. ‘शिफ्ट + ए’ने मागच्या. एकाच ट्रॅकवरच्या हव्या असतील तर ‘ए’ घेतल्यावर शिफ्ट धरून क्लिक करा.

समजा, दुसऱ्या मिनिटाला दहा सेकंदांचा नवा शॉट घालायचा आहे आणि त्यासाठी पुढचे सगळे सरकवायचे आहे. इथे शिफ्ट नको. शिफ्ट धरलात तर चित्र पुढे जाईल, पण वरची टायटल्स आणि खालचे संगीत जागच्या जागी राहील. त्यातच ‘लिंक्ड सिलेक्शन’ (चित्र आणि त्याचा आवाज एकत्र सिलेक्ट होण्याची सोय) बंद असेल तर संवादही मागे राहतो आणि ओठ-आवाज जुळेनासे होतात. संगीत मुद्दामच हलू द्यायचे नसेल तर त्या ट्रॅकला आधी कुलूप लावा. कुलूपबंद ट्रॅकवरच्या क्लिप ‘ए’च्या हाती लागत नाहीत.

काम झाले की लगेच ‘व्ही’ (नेहमीचे सिलेक्शन टूल) दाबायची सवय लावून घ्या. नाहीतर टूल ‘ए’वरच राहते, आणि पुढच्या वेळी एक क्लिप हलवायला जाल तेव्हा अख्खी टाइमलाइन सरकते. ते तेव्हाच लक्षात आले तर ‘कंट्रोल + झेड’ आहेच. बऱ्याच वेळाने आले तर मात्र पंचाईत.

टार्गेट करणे

ट्रॅकच्या डाव्या टोकाला व्ही१, व्ही२, ए१ अशी बटणे दिसतात (व्ही म्हणजे व्हिडिओ, ए म्हणजे ऑडिओ). त्यांच्या दोन रांगा असतात. अगदी बाहेरची रांग सोर्स मॉनिटरमधली (टाइमलाइनवर घेण्याआधी क्लिप पाहण्याच्या खिडकीतली) क्लिप कुठे पडेल ते ठरवते. टार्गेटची रांग तिच्या आतली. निळे बटण म्हणजे चालू.

सगळे व्हिडिओ टार्गेट एकदम चालू-बंद करायला ‘कंट्रोल + ०’, ऑडिओसाठी ‘कंट्रोल + ९’. काहीही सिलेक्ट नसताना ‘कंट्रोल + के’ फक्त टार्गेट केलेल्या ट्रॅकवर कट मारते. ‘कंट्रोल + शिफ्ट + के’ सगळ्यांवर. वर-खाली बाणांनी कटावरून कटावर उड्या मारतानाही टार्गेट नसलेले ट्रॅक वगळले जातात. ‘डी’ने प्लेहेडखालची (टाइमलाइनवरच्या उभ्या रेषेखालची) क्लिप सिलेक्ट होते, तीही टार्गेट केलेल्या ट्रॅकवरचीच.

सगळ्यात जास्त नुकसान होते ते पेस्ट करताना. व्ही३ वरचे टायटल कॉपी केले, पण टार्गेट व्ही१ वर राहिले, तर ते थेट मूळ चित्रीकरणावर बसते आणि खालचा शॉट तेवढा पुसला जातो. पेस्ट करण्याआधी बटणांवर एक नजर टाका.

एकेका ट्रॅकसाठी मुळात कळ ठरवून दिलेली नसते. ‘कंट्रोल + ऑल्ट + के’ने शॉर्टकटची खिडकी उघडा, ‘टॉगल टार्गेट व्हिडिओ’ शोधा आणि रोज लागणाऱ्या दोन-तीन ट्रॅकना सोयीच्या कळा द्या. सगळ्यांना द्यायच्या भानगडीत पडू नका, लक्षात राहत नाहीत.

दाविंची रिझॉल्व्ह हे दुसरे एडिटिंग सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी : क्लिप सिलेक्ट करून ‘वाय’ दाबली की त्याच ट्रॅकवरच्या पुढच्या क्लिप सिलेक्ट होतात, ‘ऑल्ट + वाय’ने सगळ्या ट्रॅकवरच्या. म्हणजे प्रीमिअरच्या बरोबर उलट; दोन्हींवर काम करणाऱ्यांनी जपून.

कळ चालतच नसेल तर

आधी टाइमलाइनच्या पॅनलवर क्लिक करा किंवा ‘शिफ्ट + ३’ दाबा. दुसरे पॅनल चालू असेल तर कळ तिकडे जाते. टायटलच्या चौकटीत कर्सर असेल तर शॉर्टकटऐवजी अक्षर उमटते. आणि मराठी टायटल टाइप केल्यावर कीबोर्ड मराठीतच राहिला असेल तर तो इंग्रजीवर आणा. बहुतेकदा तेवढेच निघते.

तुम्ही बदललेल्या कळा ‘सेव्ह अॅज’ करून वेगळ्या नावाने ठेवा. सिस्टीम फॉरमॅटसाठी आमच्याकडे देण्याआधी ती ‘केवायएस’ (.kys) फाइल, म्हणजे तुमच्या कळा साठवलेली फाइल, पेनड्राइव्हवर काढून घ्या. ती डॉक्युमेंट्समधल्या अडोबी फोल्डरमध्ये, प्रीमिअरच्या प्रोफाइलखाली सापडते.