डॉलर ज्या दरीतून आला, ते याखिमोव

डॉलर हा शब्द आपल्या तोंडी रोज असतो, पण तो ज्या गावाच्या नावावरून आला ते गाव फारच थोड्यांना ठाऊक आहे. चेक प्रजासत्ताकाच्या वायव्येला, जर्मनीच्या सीमेलगत क्रुश्ने होरी ही डोंगररांग आहे. तिच्या दक्षिण उतारावरच्या एका दरीत याखिमोव वसलंय. दरी इतकी चिंचोळी की गावाला पसरायला जागाच नाही, घरं रस्त्याच्या कडेने वर चढत जातात. जवळच रांगेतलं सर्वांत उंच शिखर, क्लीनोवेत्स (१,२४४ मीटर). हिवाळा लांबलचक, शेती जेमतेम. इथे माणसं आली ती चांदीसाठी.

१५१६मध्ये श्टेपान श्लिक या उमरावाने इथे वसाहत उभी केली. संत योआखिमच्या नावावरून जर्मनमध्ये तिला योआखिम्सटाल, म्हणजे योआखिमची दरी, म्हणू लागले. पुढच्या तीन-चार वर्षांत टांकसाळही सुरू झाली. तिथलं नाणं तळहातावर ठेवलं तर चांगलंच जड लागे. एका बाजूला संत योआखिम, दुसऱ्या बाजूला बोहेमियाचा, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकाच्या पश्चिम भागातल्या जुन्या राज्याचा, सिंह. 'योआखिम्सटालर' हे लांबलचक नाव व्यापाऱ्यांनी 'टालर' एवढंच ठेवलं. त्याचं डचमध्ये 'डालर' झालं आणि इंग्रजीत 'डॉलर'. या चांदीने गाव इतकं फुगलं की लोकसंख्या १८ हजारांच्या घरात गेली. बोहेमियात त्याहून मोठं शहर तेव्हा फक्त प्राग होतं.

याच भरभराटीच्या दिवसांत गेओर्ग आग्रिकोला इथे गावाचा वैद्य होता. खाणकामावरचा त्याचा मोठा ग्रंथ १५५६मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर छापला गेला. खाणीतली धूळ फुप्फुसं कशी खाते हे त्याने त्यात लिहिलंय. कार्पेथियन डोंगरांतल्या खाणींजवळ सात-सात नवरे गमावलेल्या बायका होत्या, अशीही नोंद त्यात आहे. मला हे वाक्य टांकसाळीच्या सगळ्या हिशेबांपेक्षा मोलाचं वाटतं.

चांदी आटत गेली, तसा खाणीत एक काळा, जड दगड जास्त दिसू लागला. तो लागला की चांदीची शीर संपली, असं खाणकामगार धरून चालत. जर्मनमध्ये 'पेख' म्हणजे डांबर, आणि दुर्दैवही. चेकमध्येही 'स्मूला' या शब्दाचे हेच दोन अर्थ. त्यातूनच त्या दगडाचं नाव पडलं, पिचब्लेंड. एकोणिसाव्या शतकात त्यातल्या युरेनियमपासून काचेसाठी रंग बनू लागले आणि उरलेला चोथा टाकून दिला जाई. मेरी आणि पिएर क्युरी यांनी हाच चोथा पॅरिसला मागवला. १८९८मध्ये त्यांनी पोलोनियम आणि रेडियम शोधल्याचं जाहीर केलं. पुढे टनावारी चोथा उकळून, गाळून, १९०२मध्ये त्यांच्या हाती आलं ते जेमतेम दशांश ग्रॅम रेडियम क्लोराइड. इकडे १९०६पासून गावात रेडॉन हा किरणोत्सारी वायू मिसळलेल्या पाण्याची स्नानगृहं सुरू झाली.

१९३८च्या म्युनिक करारानंतर गाव जर्मनीत गेलं. युद्ध संपल्यावर ते परत आलं आणि पिढ्यानपिढ्या राहिलेल्या जर्मन भाषकांना हाकलण्यात आलं. सोव्हिएत संघाला अणुबॉम्बसाठी युरेनियम हवं होतं. चेकोस्लोव्हाकियाने ते काढायला कम्युनिस्ट राजवटीतले कैदी जुंपले. १९४९पासून १९६१पर्यंत इथे कैद्यांच्या छावण्या होत्या. त्यात शेतकरी होते, पाद्री होते, विद्यार्थी होते. १९४९मध्ये विश्वविजेता ठरलेल्या आइस हॉकी संघाचे खेळाडूही १९५०मध्ये पकडले गेले, त्यांतले काही इथल्या खाणींत आले. 'मृत्यूचा मनोरा' म्हणून ओळखली जाणारी लाल विटांची इमारत याखिमोवपासून जवळच, ओस्त्रोव्ह गावाशेजारी अजून उभी आहे. तिच्यात कैदी युरेनियमची खनिजं दळून पिंपांत भरत.

२०१९मध्ये या खाणपरिसराला युनेस्कोच्या जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. सोळाव्या शतकातली स्वोर्नोस्त खाण आजही चालू आहे, पण आता तिच्यातून धातू येत नाही. सुमारे ५०० मीटर खोलवरून पाणी वर येतं. रेडॉन पावणेचार दिवसांत निम्मा होतो, म्हणून ते ताजंच वापरावं लागतं. सांधे धरलेली माणसं त्या पाण्यात वीस मिनिटं बसतात.